परसातला कोतवाल

आमच्या घरमालकांना माणसं आवडत नसत असं म्हणणं अन्यायाचं होईल. माणसं जागच्या जागी बसली, शिंकली नाहीत, खोकली नाहीत, पांढरे कपडे घालून आली नाहीत आणि सकाळी साडेआठच्या आत दिसली नाहीत, तर त्यांची माणसांबद्दल काही एक तक्रार नव्हती.

बीदरच्या सरकारी वस्तानिया शाळेत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये, मी मराठीचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा लढाई संपत आली होती. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची. मराठीचा तास अशा वेळी ठेवलेला असे की मुलांना आणि मास्तरला एकदमच झोप यावी. मी घर शोधत होतो. कुणीतरी या घराचा पत्ता दिला आणि देताना हसला. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे तीन वर्षं कळत राहिला.

त्या काळी खोली दाखवण्याआधी घरमालक गाव, घराणं आणि जात विचारीत. यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "तुमाला खोकला हाय का?"

"नाही."

"मंडळींना?"

"नाही."

"सकाळी लवकर उठायची सवय हाय?"

ही बाजू आपली भक्कम, असं वाटून मी छाती पुढे काढून "हो" म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. "मोडा ती," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणे. बंदोबस्त खात्यात जमिनी मोजण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. साखळीचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या माणसाला "हालू नको" म्हणत ते पेन्शनीला आले, आणि पेन्शनीत आल्यावर हे सांगायला कुणी उरलं नाही. बायको वारलेली, मुलगी सोलापूरकडे दिलेली. मग त्यांनी पाखरांना दाणे घालायला सुरुवात केली. पाखरं हालायला लागली तेव्हा त्यांनी कॅमेरा आणला.

कॅमेरा गुलबर्ग्याच्या एका फोटोवाल्याचा होता. त्याचं दुकान बसलं, कारण त्याचे फोटो हुबेहूब येत आणि गिऱ्हाइकांना ते खपत नसे. सागवानी पेटी, पितळी तोंड, तीन लाकडी पाय आणि वर काळं फडकं. आत काचेची प्लेट घालायची, पितळी टोपण काढायचं, मोजायचं आणि टोपण लावायचं. अप्पांचं मोजणं ठरलेलं होतं. "बसवा एक, बसवा दोन, बसवा तीन." यापेक्षा कमी मोजलं तर फोटो काळा येतो, असं त्यांना फोटोवाल्यानं सांगितलं होतं. फोटोवाला माणसांचे फोटो काढीत असे हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बसवा तीन होईपर्यंत चिमणी काय काय करते हे कुणी कधी बघितलंय? ती दाणा उचलते, सोलते, टाकून देते, दुसरा उचलते, शेजारणीला टोचते, नवऱ्याच्या अंगावर धावून जाते आणि भुर्रकन उडून लिंबावर बसते. एवढं सगळं त्या काचेवर एकावर एक उमटायचं, म्हणजे काहीच उमटायचं नाही.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. जेवणं झाली की अप्पा मला ओसरीवर बोलावून आठवड्याचे फोटो दाखवीत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, त्याखाली वळणदार अक्षरात नाव: "चिमणी, मादी." फोटोत शहाबादी फरशी असे. फरशीवरची ज्वारी इतकी लख्ख की दाणा न् दाणा वेगळा दिसावा. मागे लाल जांभ्या दगडाची भिंत, दगडागणिक, चुन्याच्या दर्जेसकट. चिमणी नसे. फार तर एका कोपऱ्यात ओल्या बोटानं पुसल्यासारखा एक डाग.

"वा!" मी म्हणायचो. "काय डौल आहे!"

खोटं का बोललो ते सांगतो. घरात आड होता, दारात लिंबाची सावली होती, आणि मी मुळात भित्रा माणूस. एकदा वा म्हटलं की पुढच्या शुक्रवारी त्याहून मोठं वा म्हणावं लागतं. पहिल्या वर्षी मला नुसता डौल दिसे. दुसऱ्या वर्षी पंख दिसू लागले. तिसऱ्या वर्षी तर एका होल्याच्या डोळ्यातली करुणा मी त्यांना समजावून सांगितली. एकदा एका फोटोतल्या शेपटीची मी फार तारीफ केली. अप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, ही नुसत्या फरशीची हाय. प्लेट बरी हाय का बगाया काढलीवती." आणि त्यांनी पुढचा पुठ्ठा उचलला.

माझी बायको खटकचिंचोळीकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिला वा म्हणायचं शिक्षण मिळालेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी पहाटे तिनं आडावर घागर सोडली. रहाट करकरला, पाखरं उडाली आणि काळ्या फडक्यातून अप्पा बाहेर आले.

"अक्का, साडेआठपस्तोर आड बंद हाय."

"आन् भाकऱ्या?"

"रातचं पानी भरून ठिवा."

"अप्पा, भाड्यानं आमी ऱ्हातोय का पाखरं?"

यावर त्यांनी खरोखरच विचार केला. "पाखरं आदीची हायती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळीच पाणी भरू लागली, पण हरली नाही. शुक्रवारी अप्पा तिलाही हाक मारीत. ती पदराला हात पुसत यायची, फोटो उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "मला तं भिंतच दिसायली."

"नीट बगा, अक्का."

"नीटच बगायले. भिंत लई झकास आलीय. पाखरू कुटं हाय?"

मी तिला डोळ्यांनी खुणावत असे. तरी पुढच्या शुक्रवारी अप्पांची पहिली हाक तिलाच असे. हा माणूस आपल्या जिवाला असा त्रास का करून घेतो, हे मला कळत नसे.

फोटो धुवायच्या दिवशी घरात कुणी आंघोळ करायची नाही, असा आणखी एक कायदा होता. न्हाणीघराच्या फटी गोणपाटानं बुजवून, कंदिलाला तांबडं कापड गुंडाळून ते आत बसत आणि औषधाचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत येई. कावळ्यांशी त्यांचं वैर होतं. आगाऊपणा हे एक कारण, पण खरं कारण असं की कावळा कॅमेऱ्यासमोर निवांत बसे. अकरा वर्षांत जी दोन-तीन पाखरं स्पष्ट आली ती सगळी कावळे होती, आणि ते फोटो अप्पांनी कुणाला दाखवले नाहीत. "ह्यो काय येतोयच," ते म्हणत. लग्नाचा, मुंजीचा, मयताचा फोटो काढून द्या म्हणून गल्लीतली माणसं येत. त्यांना एकच उत्तर मिळे: "मानूस फोटूला बसला की वेगळंच त्वांड करतो. मला ते जमत न्हाई."

आणि एक वही होती. जमिनीच्या मोजणीची टिपणं ठेवावीत तशी अप्पांनी पाखरांची टिपणं ठेवली होती. रकाने पाडलेले: वार, वेळ, कोण आलं, वर्तणूक. वहीची भाषा सरकारी, एक शब्द जास्त नाही.

"कोतवाल. सव्वासात. एकटा. आल्याबरोबर सर्वांना हुसकून लावले."

"सातभाई. आज नऊ. आरडाओरडा, मारामारी."

"खाटीक. बोरीखाली. आज एकाला टोचले."

"शिंपी. लिंबात दडून. जोडी."

आता ही सगळी पाखरांची नावं आहेत हे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. कोतवाल म्हणजे तो दुभंगल्या शेपटीचा काळा, सातभाई म्हणजे मातकट रंगाची गलका करणारी टोळी. पण सगळंच जग काही शेतकऱ्याचं पोर नसतं.

फोटोतली जी भिंत, जिची माझी बायको एवढी तारीफ करी, ती आमच्या परसाची मागची भिंत. तीच पोलीस ठाण्याचीही मागची भिंत होती. सकाळचं ऊन नेमकं तिच्यावर पडे म्हणून अप्पांनी कॅमेऱ्याचं तोंड तिकडे केलेलं. अकरा वर्षं रोज, त्याच वेळी, त्याच जागेवरून. निजामाच्या उभ्या राज्यात पोलिसांच्या कुठल्याही इमारतीची इतकी तपशीलवार चित्रं कुणाकडे नसतील.

सत्तेचाळीस सरलं आणि दिवस पालटले. तिकडे देश मोकळा झाला, इकडे आमचं काय होणार ते कुणाला ठाऊक नव्हतं. सरहद्दीवरून माल येईना. मिठापासून रॉकेलपर्यंत सगळ्याची ओढ, तिथं काचेच्या प्लेटा कुठल्या यायच्या? अप्पांच्या प्लेटा संपल्या. तरी ते रोज सकाळी फडक्यात डोकं घालून बसत, टोपण काढीत, बसवा तीनपर्यंत मोजीत आणि टोपण लावीत.

मी विचारलं, "अप्पा, आत प्लेट नाही ना?"

"न्हाई."

"मग?"

"सवय मोडाया नगं," ते म्हणाले. सरकारी नोकरीत मीही होतो, त्यामुळे प्लेट नसताना टोपण काढण्याचं मला फारसं नवल वाटलं नाही.

ठाण्याच्या माडीवरून मात्र कुणाला तरी नवल वाटलं. अमीन, म्हणजे ठाण्याचा अंमलदार, नवा आला होता, हैदराबाद शहरातला. एके दिवशी सकाळी सव्वासातला तो दोन शिपाई घेऊन पुढच्या दारानं आत शिरला आणि तिघे बुटांचा आवाज करीत परसात आले. अप्पा फडक्यात होते. आतूनच ते गरजले, "हालू नका!"

तिघेही थांबले. माझ्या खिडकीतून मी पाहिलं, सरकारची तीन माणसं एक पाय पुढे टाकलेली तशीच उभी. बसवा तीन झालं, टोपण बसलं, अप्पा बाहेर आले, त्यांच्या खाकी कपड्यांकडे बघून "व्हय का?" म्हणाले आणि त्यांना अटक झाली.

कॅमेरा गेला, वही गेली, प्लेटांच्या दोन पेट्या गेल्या. दुपारी शाळेत मला बोलावणं आलं.

ठाण्यात अमीनसाहेबांच्या पुढ्यात वही होती. मराठी जाणणाऱ्या एका कारकुनानं तिचा उर्दू तर्जुमा करून दिला होता, अगदी इमानानं, शब्दाला शब्द. अप्पा बाकावर बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "अक्कानं दाणे घातले का?" मला ठाऊक नव्हतं.

"मास्टरसाब," अमीन म्हणाले, "ये कोतवाल कौन है?"

"जी, परिंदा है."

"शहर के कोतवालसाब परिंदे हैं?"

"वो नहीं साहेब. ये दुसरा. काला है."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "अच्छा. और ये सात भाई? इस हफ्ते नौ कैसे हो गए?"

"जी, सात भाई हमेशा सात नहीं रहते," मी म्हणालो, आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडताच माझ्या तळपायाला घाम फुटला.

"किसके भाई हैं इनो?"

"एक दूसरे के."

"और ये खाटीक किसकू टोच्या?"

माणूस वाईट नव्हता. त्यांना पित्ताचा त्रास होता आणि वरून रोज अहवालाचा तगादा. दिवस कलेपर्यंत त्यांच्या पुरतं ध्यानात आलं की हा सगळा एका म्हाताऱ्याचा छंद आहे. पण अटकेची खबर वर गेली होती आणि आता प्रकरण मिटवायचं तर कागद हवा होता. त्यांनी स्वतःच अप्पांच्या नावानं कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं की मी भ्रमिष्ट आहे; माझ्या परसात कुठलाही पक्षी येत नाही; या तसबिरींत कुठलाही पक्षी नाही; जे काय लिहिलं ते डोकं ठिकाणावर नसल्यामुळे.

अप्पांना उर्दू चांगलं येई. त्यांनी कागद शांतपणे वाचला.

"भ्रमिष्ट लिवलंय ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "माजी हरकत न्हाई. पन पाखरू येत न्हाई हे खोडा."

"बडे मियाँ, दस्तखत करो और घर जाओ," अमीन जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. "मेरे कू भी छुट्टी, तुमना भी छुट्टी."

"पाखरू येतंय जी. रोज येतंय."

ते दिवस असे होते की कागद पुढे आला की माणसं आधी सही करीत आणि मग कागद कसला ते विचारीत. मीही अप्पांना तेच समजावलं. कागदानं काय होतं, पाखरं काही उर्दू वाचत नाहीत, एवढा विनोद मला त्याही वेळी सुचला. अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. त्या रात्री त्यांना आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. घरून मी भाकरी घेऊन जाई. ती देऊ देत. कुणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. कागद तेवढा रोज समोर ठेवीत आणि रोज ते तो परत सारीत.

तिसऱ्या दिवशी अमीनांनी वेगळी वाट काढली. कैदी सही करीत नाही तर शेजाऱ्याची साक्ष घ्यावी. त्यांनी पेटीतून एक प्लेट उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं.

"सच बोलो जी मास्टरसाब. इसमें परिंदा है?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. तीन वर्षांत मी त्यांना न मागता जे सतराशे वेळा दिलं होतं ते एकदा, फक्त एकदा, त्यांना हवं असेल असं मला वाटलं. पण हो म्हणालो असतो तर दोन भ्रमिष्ट झाले असते आणि त्यातल्या एकाची नोकरी गेली असती. मी प्लेटेकडे बघण्याचं नाटक केलं. भिंत लई झकास आली होती.

"नहीं है," मी म्हणालो.

"और दूसरी में?"

"किसी में भी नहीं है, साहेब."

माझी सही झाली, अप्पा सुटले. कॅमेरा, वही आणि पेट्या सरकारजमा राहिल्या. घरी येताना ते माझ्या पुढे दहा पावलं चालत होते आणि मी अंतर कमी केलं की ते वाढवीत होते. परसात येऊन बघतात तो फरशी झाडलेली, ज्वारी घातलेली, परळात पाणी. अप्पा आत होते तोवर माझी बायको रोज पहाटे उठून हे करीत होती आणि मला पत्ता नव्हता. अप्पा तिला म्हणाले, "अक्का, कोतवाल आलता का?"

"रोज आला की. लई कावरलाय. साळुंक्यांना बसू देईना."

मग ती माझ्याकडे वळली. ठाण्यात काय झालं ते मी तिला सांगितलं. सांगताना, मीच अप्पांना सोडवलं असाही सूर लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तीन वर्सं दिसायलंवतं तुमाला," ती म्हणाली, "आन् आजच कसं दिसंना झालं?"

अप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. खोल्या सोडा म्हणाले नाहीत. मी समोर आलो की ते लिंबाच्या शेंड्याकडे बघत. शुक्रवार मोकळे झाले. इतके दिवस ज्या शुक्रवारांना मी वैतागलो होतो ते आता कसे घालवावेत हे मला कळेना.

सप्टेंबरात फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत राज्य गेलं. आठवड्याभरात बीदरमध्ये इतके देशभक्त निघाले की हे सगळे इतके दिवस कुठे राहत होते असा प्रश्न पडावा. काल ठाण्याला रतीब घालणारे आज पांढरी टोपी घालून फिरत होते. एका दुकानदारानं तर टोपी घाईत उलटी घातली होती आणि कुणी सांगेना, कारण कुणालाच सुलटी ठाऊक नव्हती. या मंडळींना तुरुंगात गेलेला माणूस हवा होता. आमच्या बाजूला एकच होता.

अप्पांना हार घालून व्यासपीठावर बसवलं. तीन दिवसांचे तीन महिने झाले. चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "मी पाखरापायी गेलतो." लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. ते पुन्हा म्हणाले, "पाखरापायी. कोतवालापायी." आणखी मोठ्या टाळ्या पडल्या. शेवटी ते गळ्यातला हार काढून, त्यातली फुलं बघत खाली बसले.

पण मंडळींना हारापेक्षा पुढचं हवं होतं. जुने अमीनसाहेब आता त्यांच्याच ठाण्यात, अप्पा होते त्याच खोलीत कोंडलेले होते. बाहेर गावोगाव काय चाललं होतं ते सगळ्यांच्या कानांवर होतं. त्या दिवसांत अशा माणसावर एक कागद पुरे होता. टोपीवाल्यांनी तो लिहून आणला. अमीनानं मला तीन दिवस उलटं टांगलं, फोकानं मारलं, देवाधर्माला शिव्या दिल्या. खाली अप्पांच्या सहीला जागा. आता कागद मराठीत होता, एवढाच बदल.

बाहेरून आलेल्या नव्या साहेबांपुढे कचेरीत चौकशी निघाली. दारात शंभर-दीडशे माणूस जमलेला. मलाही बोलावलं होतं, कारण तिन्ही दिवस भाकरी घेऊन जाणारा मीच. आत जाण्याआधी त्या टोपीवाल्या दुकानदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, शाळा आता आपली झालीय. कोन ऱ्हाईल, कोन जाईल, सगळं नव्यानं ठरायचंय," एवढंच तो म्हणाला.

अप्पांनी कागद वाचला, पहिल्या कागदाइतकाच शांतपणे.

"ह्यातलं काई झालं न्हाई," ते म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. "तुम्हाला मारलं नाही?"

"न्हाई."

"भिऊ नका. आता तो तुमचं काही करू शकत नाही."

"म्हून तं सांगायलोय," अप्पा म्हणाले. "तीन दिस उगंच कोंडलं, माजा कॅमेरा घेतला, ते लिवा. त्याची शिक्षा द्या. दुसऱ्या कुनाला मारलं आसंल तं त्यांना इचारा. मला मारलं न्हाई. टांगलं न्हाई. घरची भाकर खाऊ दिली."

मागे कुजबुज उठली, मग आवाज चढले. कुणीतरी "फितूर" म्हणालं. कालचा वीर उभ्या उभ्या फितूर झाला. अमीन एका कोपऱ्यात दोन शिपायांमध्ये उभे होते. दाढी वाढलेली, पित्तानं की भीतीनं चेहरा पिवळा. ते अप्पांकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

"साक्षीदार कोण?" साहेबांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मी शूर नाही हे मघाशी सांगितलंच. दुकानदार समोर उभा होता. आठ दिवसांनी शाळेची यादी लागायची होती. मारलं असेल, मी पूर्ण वेळ तिथं नव्हतो, असं गुळमुळीत वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. असली वाक्यं माझ्या जिभेवर नेहमीच तयार असत. अप्पा लिंबाच्या शेंड्याकडे बघावं तसे छताकडे बघत होते. माझ्याकडून त्यांना कसलीच आशा नव्हती. ती नजर मला फोकापेक्षा जास्त लागली.

"मारलं नाही, साहेब," मी म्हणालो. "मी तिन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ गेलो होतो. अंगावर वळ नव्हता. हा कागद खोटा आहे."

लिहून घेतलं, मी सही केली. कागद फाडला गेला. अमीनांना पुढे बंदोबस्तात हैदराबादला पाठवलं असं कळलं. त्यांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. आमचं काय झालं ते ठाऊक आहे. यादी लागली तेव्हा माझी बदली औरादच्या बाजूला एका खेड्यात झाली होती, जिथं शाळेला छप्पर यायचं होतं. अप्पांच्या दारी गल्लीतलं कुणी फिरकेना. त्यांना ते समजायला महिनाभर लागला, आणि समजल्यावर ते खूश झाले.

साक्ष झाली त्या दिवशी कचेरीतून आम्ही दोघे परतत होतो. मागून चार पोरं ओरडत आली आणि कंटाळून गेली. अप्पा या वेळी माझ्या पुढे दहा पावलं नव्हते, शेजारून चालत होते. मी धीर करून म्हणालो, "अप्पा, ठाण्यात मी नाही म्हणालो. त्याचा राग अजून असेल तुम्हाला."

ते थांबले. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"त्याचा राग कामून यील? त्या फोटूत पाखरू न्हाईच. अकरा वर्सं झाली, मला दिसत न्हाई व्हय? डोळे हायती मला."

मी वहाणेतला खडा काढायला वाकलो.

"फोटूत न्हाई म्हंजे परसात आलंच न्हाई, असं होतंय का? त्या कागदात तसं लिवलंवतं. ते मी कसं लिवून देऊ? पाखरू तं आलतं." मग ते थोडे चालले आणि पुन्हा थांबले. "तुमचा राग हाय तो त्याच्या आदीच्या तीन वर्सांचा. दर शुक्करवारी मी तुमाला इचारायचो, वाटायचं आज तरी मास्तर म्हनतील, अप्पा, ह्यात काई न्हाई, दुसरं काई तरी करून बगा. शिकलेला मानूस. तुमी डोळ्यातली करुणा काढून दावली."

रस्ता लाल मातीचा, दुपारचं ऊन. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आमचं घर दिसू लागलं तसे ते म्हणाले, "चला. अक्काला जाऊन सांगा, आज भर कचेरीत तुमी खरं बोललात म्हून."

"सांगतो."

"मी बी येतो संगं," अप्पा म्हणाले. "तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर ती इस्वास ठिवायची न्हाई."